‘माझी शक्ती अशक्तपणात पूर्णतेस येते’ याचा आजारी माणसाने काय अर्थ घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण जन्मापासून ख्रिस्ती आहात, दीर्घ आजारात मनापासून प्रार्थना करूनही उतार पडत नाही, भेटीला येणारी मंडळीतील (चर्चमधील) माणसे ‘विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे’ असे सुचवून जातात, आणि तरीही बायबलमधील प्रेषित पौलाचे हे वचन आपल्याला ऐकवले जाते, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यावा. मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. मुंबईत एका खाजगी कंपनीत 31 वर्षे ड्राफ्ट्समन होतो, भायखळ्याच्या बाजूला एका मराठी मंडळीत उपासनेला जातो, आणि गेली 7 वर्षे मला कंपवात (पार्किन्सन) आहे. उत्तर त्या अनुभवातून देतो आहे.

प्रथम वचनाकडे पाहू, कारण ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायात पौल आपल्या शरीरातील काट्याबद्दल बोलतो. तो काटा म्हणजे डोळ्यांचा विकार होता, ताप होता की आणखी काही, हे त्याने सांगितलेले नाही, आणि ते बरेच झाले. नाहीतर आपल्या दुखण्याचे नाव त्यात नाही म्हणून आपण ते पान उलटून पुढे गेलो असतो. त्या काट्याला तो देणगी म्हणत नाही, ‘सैतानाचा दूत’ म्हणतो, आणि तो दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती करतो. म्हणजे दुखणे गोड मानून घ्या, असे तेथे कोणी सांगितलेले नाही. काटा निघत नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळते. ज्यांचा विश्वास कमी असतो त्यांचेच दुखणे राहते, असा नियम असता तर तो सर्वप्रथम पौलालाच लागू झाला असता, हे आपल्याकडे येणाऱ्या मंडळींना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

हे पत्र कोणाला लिहिले होते, तेही लक्षात घेतले पाहिजे. करिंथ या ग्रीक शहरातल्या लोकांना वक्तृत्वाचे आणि रुबाबाचे मोठे आकर्षण होते. ‘त्याची पत्रे वजनदार, पण प्रत्यक्षात माणूस अगदीच दुबळा’ अशी पौलाची टिंगल तेथे चालत असे. अशा लोकांपुढे प्रौढी मिरवायची वेळ आली तेव्हा त्याने 11व्या अध्यायाच्या शेवटी कोणता प्रसंग सांगावा? दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून आपल्याला टोपलीत बसवून खाली सोडले आणि आपण निसटलो, हा!

पुढे तो म्हणतो की, ख्रिस्ताचे सामर्थ्य माझ्यावर येऊन राहावे. तेथील मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकण्याची कल्पना आहे. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर चाळींच्या आणि झोपड्यांच्या छपरांवर निळी ताडपत्री चढते, ती मला येथे नेहमी आठवते. ताडपत्रीने भिंत नवी होत नाही, पोपडे तसेच राहतात, पण त्या घरातली माणसे पावसात राहू शकतात.

आता माझे सांगतो. कंपवातात अक्षर बारीक होत जाते. ज्या हाताने आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरच्या रेषा मारल्या, त्या हाताची सही जुळत नाही म्हणून बँकेने माझा धनादेश परत केला, तेव्हा मी काउंटरसमोर उभा राहून रडलो. तेथे मला कोणतेही सामर्थ्य जाणवले नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण विश्वासाच्या साक्षींमध्ये असे प्रसंग बहुधा गाळले जातात.

मंडळीत मी 18 वर्षे प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी द्राक्षारसाच्या छोट्या काचेच्या पेल्यांचा ट्रे फिरवत असे. एका रविवारी सगळे शांत बसलेले असताना पेले एकमेकांवर किणकिणू लागले आणि तीन पेले पांढऱ्या कापडावर सांडले. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना सांगितले की, यापुढे मला मोकळे करा. त्यांनी मला एकही वचन ऐकवले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी नुकतेच दृढीकरण (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी) झालेल्या एका मुलाला ट्रेची दुसरी कड धरायला लावले. बाकांमधली वाट अरुंद असल्यामुळे तो मुलगा खेकड्यासारखा आडवा चालतो आणि मी त्याच्या मागून पाय ओढत जातो; दिसायला हे फारसे गंभीर दिसत नाही. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका वृद्ध मावशींनी पेला घेतला. त्यांचेही हात कापतात, आणि सांडेल या भीतीने त्यांनी दोन वर्षे प्रभुभोजन घेतले नव्हते, हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. नंतर त्या मला म्हणाल्या, “तुझ्याही हातून सांडतंच की रे, मग मला कसली लाज?” माझे हात स्थिर होते त्या 18 वर्षांत हे काम माझ्याकडून झाले नव्हते. पौलाच्या वचनाचा अर्थ मला जेवढा कळला, तेवढा येथे कळला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही मी अनेकदा मनात घोळवतो. 1883 साली त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे केडगावला मुक्ती मिशनचे काम उभे राहिले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. हे सर्व व्हावे म्हणून देवाने त्यांना बहिरे केले, असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. कमी ऐकू येणाऱ्या कानांनिशी त्यांनी ते केले, एवढेच खात्रीने म्हणता येते.

औषधांविषयी: ती सोडू नका. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पत्रातून दिलेला आहे, आणि पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता. फलाटावर माझे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा डॉक्टरांनी ताल धरून पाऊल उचलायला शिकवले आहे. मी त्यासाठी ना. वा. टिळकांचे एक भजन गुणगुणतो. ते उपचार आहे की प्रार्थना, याचा निवाडा मी करत बसलेलो नाही.

बरे होण्यासाठी प्रार्थना करणे थांबवावे का, असेही आपण विचारले आहे. पौल तीनदा विनंती करून थांबला. मी थांबलेलो नाही. माझी पहिली गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. ती घेऊन मी खिडकीशी बसतो आणि हात स्थिर व्हावा म्हणून रोज मागतो. दुपारी गोळीचा अंमल उतरला की हात पुन्हा कापू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागतो.