सांडव्यावरची जाळी

प्रश्न : सिमरोलच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी तिथल्या नाल्यावर मातीची पाळ घालून तळं केलं. पाळ मध्यभागी वीसेक फूट उंच असेल. सुट्टीत सगळे तिथेच जमतो; मुलं पेडलची नाव चालवतात, दीर गळ टाकून बसतात. यंदा गणपतीनंतर गेलो तेव्हा पाळीच्या मागच्या पायथ्याशी, जुना पाइप बाहेर येतो तिथे, जमीन ओली लागली. ठेकेदार म्हणतो, सिमेंटचा थर देऊन बंद करून टाकू. पाळीवर आंबे आहेत, एक पिंपळही उगवला आहे. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून दिरांनी सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जातं त्या वाटेला, लोखंडी जाळी बसवली आहे, पण तिचा याच्याशी काही संबंध नसावा. खाली नाल्याकाठी पाच-सहा घरं आहेत. काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, ओलीचं बोलूच, पण आधी ती जाळी. माझी सगळी नोकरी सिंचन खात्यात, माळव्यातल्या तलावांवर गेली. पाझराला मी जेवढा घाबरतो त्याहून जास्त तुंबलेल्या सांडव्याला घाबरतो. माथ्यावरून पाणी वाहू लागलं तर दगडी बांध काही काळ टिकतो. मातीची पाळ मागच्या उतारावरून खरवडत खरवडत निघून जाते. ते होऊ नये म्हणून तर सांडवा असतो. आणि तुमच्या जाळीत पहिल्या मोठ्या पावसातच पळसाची पानं, बेशरमच्या काड्या आणि पॉलिथिन अडकून भिंत तयार होते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका श्रीमंतांच्या शिकार-मासेमारी क्लबाचं असंच हौसेचं मातीचं धरण होतं. पाणी खाली सोडायचे नळ आधीच्या मालकानेच काढून विकले होते. क्लबाने बग्ग्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली घेतला आणि मासे राहावेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी जोरदार पावसात जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं, आणि खालच्या जॉन्सटाऊनसह सगळ्या खोऱ्यात 2,209 माणसं मेली. ते धरण तुमच्या पाळीपेक्षा कितीतरी मोठं होतं, मान्य. पण चुका त्याच आहेत. दिरांना सांगा, जाळी याच आठवड्यात काढायची. रोहूचं बियाणं पुढच्या पावसाळ्यात परत मिळेल.

जाळी निघाली की पाळीचा माथाही तपासा. गवंडी पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या नळीने लेव्हल बघतात, तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घ्या. मध्यभागी माथा खचलेला असेल तर पूर तिथूनच उतरणार. तो मुरूम टाकून, थर देऊन, दाबून भरायचा.

आता ओल. मातीची पाळ थोडी पाझरतेच, त्यात नवल नाही. पाण्याबरोबर माती येते का, एवढंच बघायचं. काचेच्या बाटलीत ते पाणी भरा, रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी गाळ बसला तर आतून माती वाहून जाते आहे आणि पाळीत नळीसारखी पोकळी तयार होते आहे. ती आधी हळूहळू वाढते, मग एकदम. तुमची ओल नेमकी पाइपाजवळ आहे, हे मला आवडलेलं नाही. पाइपाच्या खाली आणि बाजूला माती नीट ठोकून दाबता येत नाही, त्यामुळे पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं.

ठेकेदाराचं सिमेंट मुळीच नको. मागच्या बाजूने तोंड बंद केलं की आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून, नाही तर आणखी वरून, फुटतं. तिथे पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आधी नर्मदेची धुतलेली जाडसर रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, वर मोठी गिट्टी, आणि शेवटी दगडांचं वजन. आमच्याकडे याला उलटा फिल्टर म्हणतात. हे तात्पुरतं झालं. पाइपाचं पक्कं काम उन्हाळ्यात, तळं रिकामं असताना, मातीच्या धरणांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला जागेवर नेऊन करा. गढूळ पाणी दिसलं तर मात्र उन्हाळ्याची वाट नको; पातळी लगेच उतरवायला घ्या. एरवी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवू नका, नाहीतर पाण्याकडची ओली माती घसरते.

पातळी उतरवायची सोय नसली की काय होतं ते आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात ऑगस्ट 2022 मध्ये बघितलं. कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली, 18 गावं रिकामी करावी लागली आणि शेवटी बाजूने चर खोदून पाणी काढावं लागलं.

झाडांचं काम घाईने करू नका. पिंपळ लहान असेल तर मुळासकट उपटा. आंबे नुसते तोडले तर मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयते बोगदे मिळतात. म्हणून ते कोरड्या दिवसांत मुळं खणून, खड्डे थराथराने दाबून भरायचे. पाळीवर हरळी हवी, म्हणजे बिळंही दिसतात. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा तेव्हाच्या मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि महाराष्ट्र हसला. खेकडे-उंदीर बिळं पाडतात हे खरंच आहे. पण वेळच्या वेळी बुजवली तर बिळांनी धरण फुटत नाही.

तपासायला सरकारी माणूस येईल या भरवशावर राहू नका. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांना लागू आहे. तुमची पाळ सहा मीटरची. नुकसानीची जबाबदारी मात्र उंची बघत नाही. साठवलेलं पाणी निसटलं तर साठवणाऱ्याने भरपाई द्यायची, हे तत्त्व इंग्लंडमधल्या 1868 च्या निकालातलं, आणि तो खटलाही एका गिरणीवाल्याच्या खाजगी तळ्याचाच होता.

परतीचा पाऊस अजून यायचा आहे. तोवर चौकीदाराला रोज सकाळी पाळीच्या मागच्या पायथ्याने चालत जायला सांगा, आणि खालच्या प्रत्येक घरातला एक मोबाइल नंबर त्याच्याजवळ असू द्या. पाणी गढूळ दिसलं की त्याने आधी त्यांना फोन करायचा, तुम्हाला नंतर.