स्क्रीन रेकॉर्डिंग फाटतंय? आधी एवढं बघ

भो, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) शिकवणारा व्हिडिओ करतोयस, झकास! पण एडिट करताना रेकॉर्डिंगवर हिरव्या पट्ट्या दिसल्या म्हणून लगेच लॅपटॉप फॉरमॅट करायला धावू नको. मीही ते करून बसलोय.

आधी बिघडलेला १० सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून व्हीएलसी प्लेअरमध्ये बघ. तिथे स्वच्छ दिसला तर दोष फक्त प्रिव्ह्यूचा, म्हणजे एडिटरमध्ये दिसणाऱ्या चित्राचा. प्रिव्ह्यूची क्वालिटी अर्ध्यावर आण आणि पुढे चल.

तिथेही गडबड असेल तर पहिला संशय फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) यावर. मोबाइलचे बरेच रेकॉर्डर स्क्रीन स्थिर असली की कमी फ्रेम टिपतात, हलली की जास्त. एडिटरला लागतो ठरलेला रेट. मग तुझा आवाज 'आता सेव्ह करा' म्हणतो आणि स्क्रीनवर अजून गट नंबरच भरणं चाललेलं असतं. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये फाइल टाक, ३० आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवड, आणि ती नवी फाइलच टाइमलाइनवर घे.

बाकी थोडक्यात:

- पट्ट्या, चौकोन: एडिटरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणं) बंद करून बघ. मग ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट कर.
- धूसर अक्षरं: १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन १९२० बाय १०८० वर ताणलीस की होणारच.
- मे महिन्यात भरदुपारी रेकॉर्डिंग नको. जळगावच्या उन्हात लॅपटॉप तापून मंदावतो, फ्रेम गळतात. मी पहाटे ५ लाच बसतो. पंख्याचा आवाजही येत नाही.

कोडेक, बिटरेट आत्ता राहू दे. तो १० सेकंदांचा तुकडा कसा दिसला, तेवढं सांग.