जिन्याचं ड्रॉइंग दर वेळी नव्याने काढायचं का?

प्रश्न : साकीनाक्याला आमचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. ड्युप्लेक्स फ्लॅट आणि दुकानांचे लोखंडी जिने करतो. प्रत्येक ठिकाणची उंची निराळी, म्हणून ड्रॉइंग पहिल्यापासून काढावं लागतं. मुलगा म्हणतो, शीटमध्ये मापं भरली की ड्रॉइंग आपोआप बदलेल. खरंच जमेल का?
— एक वाचक, साकीनाका

उत्तर : जमेल. मुलाला करू द्या. फ्रीकॅड हे ड्रॉइंग आणि मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि स्प्रेडशीट त्याच्या आतच असते. सेलला नाव द्यायचं आणि मॉडेलमध्ये आकड्याऐवजी ते नाव लिहायचं.

पायऱ्यांची संख्या मात्र कधीही हाताने भरू नका, ती शीटलाच काढू द्या. उंची २९५० मिलिमीटर असेल, तर एका पायरीची उंची जास्तीत जास्त १८० धरून तिला १८० ने भागा आणि उत्तर वरच्या पूर्णांकात न्या : १७ रायझर, म्हणजे पायरीचे उभे टप्पे. मग २९५० भागिले १७, म्हणजे १७३.५३. मॉडेलमध्ये हा भागाकार तसाच राहू द्या. सोयीसाठी कुणी १७३ केलं, तर ९ मिलिमीटर उरतात आणि ते सगळे शेवटच्या पायरीत जातात. पहिल्या काही पायऱ्यांतच पावलांना उंचीची सवय होते, म्हणून माणूस नेमका त्या शेवटच्या पायरीला ठेचकाळतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे नऊ मिलिमीटर फार आहेत. ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायचा आडवा भाग, रायझरपेक्षा एक कमी, कारण शेवटचं पाऊल वरच्या लादीवर पडतं.

‘घर की दुकान’ असा एक सेल हवाच. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरात रायझर जास्तीत जास्त १९० आणि ट्रेड किमान २५०. इतर इमारतींत १५० आणि ३००. मर्यादा ओलांडली की सेलमध्ये तसा इशारा दिसला पाहिजे. घरासाठी भागाकार १८० ने केला, तसा दुकानासाठी १५० ने करा.

मॉडेल बहुतेक वेळा मोडतं ते पायऱ्या १६ च्या १७ झाल्यावर. पायरीच्या कडेला चिकटवलेली मापं भलतीकडे उडी मारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास कमी झालाय, तरी स्ट्रिंगरची, म्हणजे पायऱ्या पेलणाऱ्या बाजूच्या तिरप्या तुळईची, रेघ पायऱ्यांच्या कडांवरून घेऊ नका, शीटमधल्या आकड्यांवरूनच काढा. एक पायरी बनवा आणि तिच्या प्रती किती हव्यात, तेही सेललाच ठरवू द्या.

साइटवर माप घेताना लादी बसली आहे का, हे आधी विचारा. मुंबईत जिन्याचं माप बऱ्याचदा लादीच्या आधीच घेतलं जातं. म्हणून खालच्या आणि वरच्या लादीच्या थराची जाडी वेगळ्या सेलमध्ये ठेवा : मोजलेल्या उंचीत वरचा थर मिळवायचा, खालचा वजा करायचा. हे दोन सेल रिकामे असतील, तर प्रिंट काढू नका.