चॉपर सायकलचा लांब चिमटा: हॅण्डल पडण्याआधी जोड पाहा

आपण लिहिले आहे की जुन्या लोखंडी सायकलचा चिमटा (पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग) फूटभर लांबवून घेऊन घरी चॉपर, म्हणजे लांब, पुढे पसरलेल्या चिमट्याची सायकल, बांधली, ती दिसायला मनासारखी झाली, परंतु हळू चालवताना हॅण्डल आपोआप एका बाजूला पडते आणि क्राऊनच्या (चिमट्याचे दोन्ही पाय वर जिथे जुळतात त्या भागाच्या) चार बोटे खाली रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसू लागली आहे. चिमटा लांबवून देणाऱ्या वर्कशॉपचे म्हणणे असे की हॅण्डलच्या बेअरिंगचे छर्रे बदलले की हॅण्डल सुधारेल आणि रेघ फक्त रंगाची आहे. हे दोन्ही खुलासे मी जवळपास याच शब्दांत ऐकलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अभियंता नाही. हौशी बांधणारा आहे. आकडे माझे मी मांडलेले असून ते २६ इंची चाकासाठी ढोबळ मानाने घ्यावेत.

प्रथम त्या रेघेविषयी, कारण हॅण्डल पडणे हा त्रास आहे आणि रेघ हा धोका आहे. तपासणी होईपर्यंत सायकल चालवू नका, अंगणातसुद्धा नको. रंग सुटा करण्याच्या द्रावणाने किंवा हाताने पॉलिश पेपर मारून तेवढाच भाग उघडा करा. ग्राइंडर लावू नका. त्याने वरचा धातू लेपासारखा पसरतो आणि भेग असली तरी झाकली जाते. नंतर भेगा शोधण्यासाठी लाल द्रावण आणि पांढरा फवारा असा जो संच मिळतो, तो वापरा. लाल द्रव लावून थोडा वेळ मुरू द्यायचा, पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा आणि मग पांढरा थर मारायचा; भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल द्रव वर येऊन रेघ उमटते. ती रेघ जोडाच्या अगदी कडेने, नळीच्या आडव्या दिशेने जात असेल, तर चर्चेला जागा उरत नाही. तो चिमटा कापून टाकावा.

माझ्या बाबतीत वर्कशॉपला कागदावर लिहून दिले होते की दोन्ही पायांना वरपासून खालपर्यंत अखंड नळी घालायची, कुठेही जोड द्यायचा नाही. चिमटा हाती आला तो गुळगुळीत, रंगवलेला, देखणा. काही दिवसांनी एका पायावर रेघ आली आणि मी तो पाय उभा चिरून आत पाहिले. अखंड नळी नव्हतीच. जुन्या पायाचे टोक आणि नवीन तुकडा समोरासमोर टेकवून बाहेरून वेल्ड केले होते. आत बाही, म्हणजे जोडाला आतून आधार देणारी नळी, घातलेली नव्हती. दोन्ही कापलेल्या कडा आतून जशाच्या तशा दिसत होत्या, करवतीच्या दात्यांच्या खुणांसकट, म्हणजे वेल्ड नळीच्या जाडीत खोलवर उतरलेच नव्हते. त्यावर कहर म्हणजे बाहेरचा वेल्डचा उंचवटा ‘सफाईसाठी’ घासून सपाट केला होता, त्यामुळे जो काही धातू दोन तुकड्यांना धरून होता त्यातलाही बराचसा निघून गेला होता. हे तुकडे घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘सायकलच आहे, मोटारसायकल थोडीच आहे?’ आणि रंग उतरवलेल्या कामाची तक्रार घेत नाही, असेही वर ऐकवले. रंग उतरवल्याशिवाय तक्रारीचे कारण दिसणार कसे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पैसे गेले, क्राऊन आणि स्टीअरर नळी (क्राऊनपासून वर जाणारी, फ्रेमच्या पुढच्या नळीत म्हणजे हेड पाईपमध्ये फिरणारी नळी) त्याच वेल्डमध्ये अडकल्याने ती वाया गेली, आणि पुढचा सगळा भाग नव्याने करावा लागला.

‘सायकलच आहे’ हे वाक्य किती चुकीचे आहे ते पाहा. नेहमीच्या सायकलीत हेड पाईपचा कोन जमिनीशी ७२ अंशांच्या आसपास असतो आणि क्राऊनपासून आसापर्यंत चिमटा सुमारे ४०० मिलिमीटर. फ्रेम तशीच ठेवून चिमटा ३०० मिलिमीटरने वाढवला की सबंध फ्रेम मागच्या आसाभोवती मागे कलते. साधारणपणे दर २० मिलिमीटरला १ अंश या हिशेबाने कोन ५७ अंशांपर्यंत उतरतो. चिमटा आडवा होऊ लागला की चाकावरचा भार नळीला सरळ दाबण्याऐवजी वाकवू लागतो. पुढच्या चाकावरचा भार तेवढाच धरला, तरी कोनामुळे आणि लांबीमुळे क्राऊनपाशी वाकवणारा जोर मिळून सुमारे तिप्पट होतो. आपला जोड नेमका त्याच भागात, क्राऊनच्या चार बोटे खाली आहे. चांगली पोलादी नळी जास्त भार आला तर आधी वाकते आणि सावध करते; अर्धवट वेल्ड मात्र अशी सूचना देईलच असे नाही.

म्हणून माझे ठाम मत असे की जुना चिमटा लांबवण्याच्या फंदात पडूच नये. दोन्ही पायांसाठी पूर्ण लांबीच्या नव्या नळ्या घ्याव्यात आणि हेड पाईपच्या वर एक व खाली एक अशा दोन क्राऊन प्लेटांमध्ये त्या पकडाव्यात, म्हणजे वाकवणारा सगळा जोर एकट्या स्टीअरर नळीवर येत नाही. नळी घरगुती पाण्याच्या पाईपची नको. त्यावरचा जस्ताचा थर वेल्ड करताना जळतो आणि त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. शिवाय त्या पाईपचा शिवणीचा दर्जा अशा कामासाठी ठरवलेला नसतो. जोड देणे अगदीच अटळ असेल तर आत घट्ट बसणारी लांब बाही घालावी, नळीचे टोक आडवे सपाट न कापता तिरके कापावे, जोडापासून काही अंतरावर बाहेरच्या नळीला भोके पाडून तिथूनही बाही वेल्डने पकडावी, आणि जोड क्राऊनपासून शक्य तेवढा खाली न्यावा. वेल्ड घासू द्यायचे नाही. काम ताब्यात घेताना रंग न लावलेले घ्यायचे, ही अट मी आता पैसे ठरवण्याच्याही आधी घालतो; जो कारागीर यावर नाराज होतो त्याच्याकडे काम देत नाही. काहींना हे उद्धटपणाचे वाटेल.

आता हॅण्डलविषयी. छर्रे बदलून काहीही होणार नाही. स्टीअररच्या मधून जाणारी रेषा जमिनीला जिथे टेकते ती जागा आणि टायर जमिनीला जिथे टेकते ती जागा, यांतले अंतर म्हणजे ट्रेल. ७२ अंशांना, चिमट्याचा पुढे काढलेला बाक ४५ मिलिमीटर धरून, ते ६२ मिलिमीटरच्या आसपास येते. तोच बाक ठेवून ५७ अंशांना ते १६४ होते. एवढ्या ट्रेलने वेगात सायकल सरळ धावते, पण हॅण्डल थोडे वळवले की पुढचा भाग खाली बसू पाहतो आणि आपले वजनच हॅण्डलला आणखी वळवते. हा बसण्याचा कल ट्रेल आणि कोन मिळून ठरतो व आपल्या सायकलीत तो मूळच्या चौपट झाला आहे. पुष्कळ जण अशा वेळी हेडच्या वाट्या आवळतात. त्याने हॅण्डल जड होते, पडायचे थांबत नाही, आणि छर्‍यांचे खड्डे वाटीत पडून हॅण्डल मधोमध अडकू लागते ते वेगळेच.

यावर खरा इलाज दोन प्रकारचा आहे. फ्रेम कापून हेड पाईप नव्या कोनात बसवणार असाल तर पहिल्या सायकलीत ६२ अंशांच्या खाली जाऊ नका. तिथे त्याच बाकाने ट्रेल १२७ मिलिमीटरपर्यंत राहते आणि सवयीने सांभाळता येते. किंवा, कोन तसाच पसरट हवा असेल तर क्राऊन प्लेटा अशा करा की पाय स्टीअररच्या बरेच पुढे बसतील. ५० अंशांसारख्या कोनाला ट्रेल १२० वर आणायचे तर आस स्टीअररच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर पुढे न्यावा लागतो. यामुळे चिमट्याची दिसणारी रेष थोडी बदलते, पण चालवण्याजोगी सायकल हवी असेल तर ती किंमत मला मान्य आहे. पुढचे चाक लहान घेतल्यानेही ट्रेल कमी होते. मला स्वतःला चॉपरला पुढे मोठे बारीक चाकच आवडते, तेव्हा या उपायाची शिफारस करताना माझे मन लागत नाही.

फ्रेम न कापता चिमटा वाढवला की पेडलचा आसही दहा-अकरा सेंटिमीटर वर जातो आणि सीट मागे कलते, हे बहुतेकांच्या लक्षात सायकल तयार झाल्यावर येते. वजन मागच्या आसावर किंवा त्याच्याही मागे गेले की चढावर पुढचे चाक उचलते. रॅले कंपनीच्या प्रसिद्ध चॉपरलाही हीच खोड होती. १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीट पुढे सरकवावी लागली, ती याच कारणाने. तेव्हा सीट पाठीमागे टेकवून बसण्याचा मोह असला तरी बूड मागच्या आसाच्या पुढेच राहील असे पाहा.

वेल्डिंगआधी जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढा आणि आधी फक्त टाके (छोटे, तात्पुरते वेल्ड) मारून घ्या, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना. वेल्ड थंड होताना आपल्या बाजूला ओढतो. टाके मारल्यावर मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) दोरी हेड पाईपला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजा. फरक दिसला तर तेव्हाच टाका तोडून सरळ करता येते. पेडलच्या शेलजवळ (पेडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिच्याजवळ) वेल्ड करणार असाल तर जुन्या वाट्या आत फिरवून ठेवा, नाहीतर शेल अंडाकृती होऊन आटे बिघडतात. चेनच्या बाजूची वाटी बहुधा उलट्या आट्यांची असते, ती खोलताना जोर चुकीच्या दिशेने लावू नका.

लांब फ्रेमला दोन चेन जोडाव्या लागतील, त्या एकाच बनावटीच्या घ्या, आणि दिशा देणारी चक्री शक्यतो खालच्या, ढिल्या बाजूला बसवा. वरची बाजू पेडलचा सगळा ताण ओढते आणि तिथली हलकी चक्री लवकर उखडते. ब्रेक मात्र दोन हवेत. लांब सायकलीत वजन मागे असल्याने मागचा ब्रेक चांगला धरतो, म्हणून पेडल उलटे दाबून लागणारा हबमधला ब्रेक या बांधणीला शोभतो आणि पुरतोही, फक्त चेन उतरली की तो जातो. तेवढ्यासाठी पुढे वेगळा ब्रेक असावा आणि त्याच्या केबलची लांबी नव्या चिमट्यावर हॅण्डल पूर्ण वळवून मोजावी.