मलाक्काला रात्री राहायचंच

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नोव्हेंबरात मुलाकडे क्वालालंपूरला चाललोय. तो म्हणतो मलाक्का एका दिवसात होतं, सकाळी निघायचं आणि रात्री जेवायला घरी. टूरवाल्याचं पॅकेज पण तसंच आहे. आमची वयं ६४ आणि ६१, माझे गुडघे जरा कुरकुरतात. काय करावं? – एक वाचक, डोंबिवली

काका, होतं म्हणाल तर होतं हो. मीसुद्धा पहिल्यांदा तसंच केलेलं. बसने आम्हाला भर बारा वाजता त्या लाल चौकात उतरवलं, डच काळातली सरकारी कचेरी स्टॅडहाउस आणि शेजारी १७५३ चं क्राइस्ट चर्च, वीस मिनिटं फोटोला, आजूबाजूला हॅलो किटीने सजवलेल्या आणि कर्कश गाणी लावलेल्या सायकलरिक्षा, मग टूरवाल्याच्या ठरलेल्या हॉटेलात तासभर जेवण, मग एका दुकानात जबरदस्तीची खरेदी आणि चला बसा. विषुववृत्त तिथून जेमतेम अडीचशे किलोमीटर, त्या उन्हात कसला इतिहास आणि कसलं काय, मी फक्त सावली शोधत होते. चर्चच्या छताला सांधा नसलेल्या अख्ख्या लाकडाच्या तुळया आहेत, सुमारे पन्नास फुटी, त्या मी पाहिल्याच नाहीत कारण आत जायला वेळच नव्हता.

म्हणून सांगते, एक रात्र राहा, जमलं तर दोन. आणि शुक्रवार, शनिवार किंवा रविवार धरून जा कारण जाँकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार तेवढ्याच दिवशी भरतो. गर्दी म्हणजे दादरला दिवाळीच्या आधी असते तशी, पण मजा येते.

खरं मलाक्का मात्र सकाळी बघायचं. तिथे उजाडतंच सातच्या सुमाराला, तेव्हा साडेसातला चहा घेऊन चालत निघा. जाँकर स्ट्रीटला लागूनच एक गल्ली आहे, तुकांग एमास, म्हणजे आपला सराफ कट्टाच म्हणा. तिथे आणि पुढच्या वळणावर, दोन-तीन मिनिटांच्या अंतरात, सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देऊळ, १७४८ ची कामपुंग क्लिंग मशीद आणि १७८१ चं गणपतीचं देऊळ. मशिदीला घुमट नाहीच, तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर, आणि मिनार पॅगोड्यासारखा, मला लांबून ते कोकणातलं एखादं देऊळच वाटलं होतं! गणपतीचं देऊळ चिट्टी लोकांचं. हे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, पिढ्यान् पिढ्या तिथल्या बायकांशी लग्नं करून घरात मलय बोलायला लागले, बायका पेहरावही तिथलाच करतात, पण देव सोडले नाहीत. देवळाची जागा डचांनी दिलेली. आत गेलात तर बाप्पाला माझाही नमस्कार सांगा.

गावाचं नाव पण गंमतशीर आहे. सुमात्राहून पळून आलेला परमेश्वर नावाचा राजपुत्र साधारण १४०० च्या सुमाराला इथे एका झाडाखाली बसला होता, समोर एका चिमुकल्या हरणाने शिकारी कुत्र्याला लाथ मारून पाण्यात पाडलं, ते बघून त्याने इथेच राज्य थाटलं आणि झाडाचंच नाव गावाला दिलं अशी दंतकथा आहे. ते झाड कुठलं तर आवळा! आपलं आमलक तेच तिथलं मेलाका.

गुडघ्यांचं म्हणाल तर गाव सपाट आहे, फक्त सेंट पॉल टेकडीला पायऱ्या आहेत, त्या संध्याकाळी सावकाश चढा. खाली उतरताना अ फामोसा किल्ल्याचा उरलेला एकमेव दरवाजा लागेल. बाकीचा किल्ला ब्रिटिशांनी १८०७ मध्ये पाडून टाकला. दरवाजावर १६७० साल कोरलंय ते डचांच्या डागडुजीचं, किल्ला मूळ पोर्तुगीजांचा, १५११ चा. नोव्हेंबरात दुपारनंतर पाऊस येतो, छत्री विसरू नका.

जायला क्वालालंपूरच्या टीबीएस बस स्थानकावरून दर थोड्या वेळाने बस आहे, दोन ते अडीच तास. मलाक्का सेंट्रलला उतरलं की जुनं गाव चार-पाच किलोमीटर, ग्रॅब (फोनवरून मागवायची टॅक्सी) मागवा. ट्रेनचा विचार करू नका, गावात स्टेशनच नाही. ब्रिटिशांच्या काळात होतं, पण दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इथले रूळ उखडून सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी नेले, ते परत काही घातले गेले नाहीत.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. ठेपले आणि मॅगीवर दोन दिवस काढावे लागतील का? – एक वाचक, पुणे

ठेपले न्या, वाईट काहीच नाही, पण उपाशी नाही राहणार. लिटल इंडियात डोसा (तिथे 'तोसाइ' म्हणतात) आणि केळीच्या पानावरचं जेवण मिळतं. चिनी शाकाहारी खानावळीही असतात, तिथे 'मटण' लिहिलेलं असलं तरी ते सोयाबीनचं असतं, दचकू नका. फक्त एकच, बाहेर साधी पालेभाजी मागवलीत तर तिच्यात बेलाचान म्हणजे सुक्या कोळंबीचा वाटलेला गोळा असण्याची दाट शक्यता, आणि 'व्हेज आहे का' विचारलं की मान डोलावतात कारण त्यांच्या लेखी मांस नाही म्हणजे व्हेज. म्हणून बेलाचान हा शब्दच पाठ करून जा आणि तोच विचारा.

आणि चेंडोल खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि वरून गुला मेलाका, हा माडाच्या रसाचा काळपट गूळ. बांबूच्या नळकांड्यात ओततात म्हणून त्याच्या गोल वड्या पडतात. गोव्याचा माडाचा गूळ खाल्ला असेल तर चव लगेच ओळखाल, जरा धुरकट. मी दोन किलो आणला, पुरणपोळीत घालून बघितला, सासूबाईंनी काही न बोलता दुसरी घेतली.

प्रश्न : माझी आजी सांगायची की सायबाचं शरीर गोव्यात येण्याआधी मलाक्कात होतं. खरं आहे का? – एक वाचक, मडगाव

अगदी खरं. सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, ते ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर गेले. १५५३ मध्ये त्यांचं शरीर मलाक्काला आणलं आणि वर सांगितलेल्या सेंट पॉल टेकडीवरच्या चर्चमध्ये काही महिने पुरलेलं होतं, मग तिथून गोव्याला, पोचलं १५५४ च्या मार्चमध्ये. चर्चला आता छप्पर नाही. भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या डच थडग्यांच्या शिळा आहेत, आणि एका टोकाला तो रिकामा खड्डा, वर तारेची जाळी, जाळीतून लोकांनी टाकलेली नाणी. बाहेर सायबाचा पांढरा पुतळा आहे त्याला उजवा हात नाही. झाड पडून तुटला म्हणतात. आणि खुद्द सायबाचा उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेलेला! मी तिथे बराच वेळ बसले होते.

गोव्याशी नातं तिथेच संपत नाही. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथली लूट भरून निघालेलं त्याचं फ्लोर द ला मार हे जहाज सुमात्राजवळ वादळात बुडालं, तो वाचला, लूट गेली. नदीकाठचं सागरी संग्रहालय याच जहाजाच्या प्रतिकृतीत आहे. आणि वेळ असेल तर पोर्तुगीज वस्तीत जेवायला जा, तिथले क्रिस्तांग लोक अजून पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात. आपल्या रेवदंड्याजवळच्या कोर्लईत बोलतात ना, तिचीच लांबची बहीण. कोर्लईचं कुणी वाचत असेल तर प्लीज जाऊन गप्पा मारून या आणि मला लिहा किती कळलं ते.

प्रश्न : व्हिसा लागतो का? – तीन-चार जणांनी विचारलंय

भारतीय पासपोर्टवर मलेशियाचा व्हिसा डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत लागत नाही, सवलत २०२६ अखेरपर्यंत आहे, तरी तिकीट काढायच्या आधी एकदा बघून घ्या. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट उघडली तर ती खोटी, बंद करा. आमच्या शेजाऱ्यांनी भरले होते पैसे, दोघांचे.