सिकोयातील एक दिवस आणि जळालेली खोडे

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे राहतो. जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून सिकोया राष्ट्रीय उद्यानासाठी आम्हांला एकच दिवस मिळेल. पत्नीचे गुडघे दुखतात. तेवढ्या वेळात काय पाहावे? शिवाय छायाचित्रांत तेथील अनेक वृक्षांची खोडे काळवंडलेली दिसतात, आणि उद्यानाचे कर्मचारी स्वतःच जंगलात आग लावतात असे वाचनात आले. आपल्याकडे सह्याद्रीत वणवा विझवायला माणसे धावतात. मग हे कसे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एक दिवस पुरेल, मात्र शेजारचे किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानही त्यातच उरकण्याचा मोह टाळावा आणि सारा वेळ ‘जायंट फॉरेस्ट’ या समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील वनातच घालवावा. फ्रेझ्नोहून तेथे पोहोचण्यास दोन तासांच्या आसपास लागतात. दक्षिणेकडील प्रवेशद्वारातून येणारा रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरमध्ये दीड हजार मीटर चढतो आणि सतत वळतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी उत्तरेकडून, १८० क्रमांकाच्या महामार्गाने यावे. उद्यानात पेट्रोलपंप नाही. खाण्याचा डबा, इतकेच काय, वासाचा साबणही गाडीत ठेवू नये. अस्वले त्यासाठी गाड्या फोडतात, म्हणून वाहनतळावर लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात.

‘जनरल शर्मन’ हा खोडाच्या घनफळाने (सुमारे १,४८७ घनमीटर) जगातील सर्वांत मोठा जिवंत वृक्ष होय. त्याची उंची ८३.८ मीटर, तर जमिनीलगतचा घेर ३१ मीटरांहून अधिक आहे. त्याचे वय अंदाजे २,२०० वर्षे मानले जाते. म्हणजे तुमच्या नाशिकची पांडवलेणी कोरली जाण्याआधीच तो रुजलेला असावा. मुख्य वाहनतळापासून तेथवरची पाऊण-एक किलोमीटरची वाट उतरती आहे, म्हणून गुडघ्यांची परीक्षा परतताना होते. उन्हाळ्यात उद्यानाची मोफत बस खालच्या सपाट वाटेपाशीही थांबते. तिचा उपयोग करावा. संग्रहालयाजवळच्या कुरणाभोवतीची ‘बिग ट्रीज ट्रेल’ ही सुमारे दोन किलोमीटरची फरसबंद वाट तुम्हां दोघांनाही झेपेल. मोरो रॉक या उंच खडकाच्या साडेतीनशेहून अधिक पायऱ्या पत्नीने टाळाव्यात. माझ्या मते शर्मनसमोरच्या छायाचित्रांच्या रांगेपेक्षा ही कुरणाकाठची वाट अधिक समाधान देते.

आता आगीविषयी. ज्यांच्यावरून उद्यानाचे नाव पडले त्या सिकोया वृक्षांची साल साठ सेंटिमीटरपर्यंत जाड, तंतुमय आणि टॅनिन या तुरट द्रव्याने युक्त असते व तिच्यात राळ जवळजवळ नसते, त्यामुळे जमिनीलगत सरकणारी आग खोडाला काळे करून जाते, क्वचित त्यात गुहेसारखी पोकळी पाडते, पण वृक्ष शतकानुशतके जगत राहतो. त्याचे शंकू वर्षानुवर्षे हिरवे आणि मिटलेलेच राहतात. आगीच्या उष्णतेने ते सुकून उघडतात आणि पोह्यापेक्षाही लहान बिया पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातीवर पडतात. हे उद्यान १८९० साली स्थापन झाले आणि पुढे कित्येक दशके प्रत्येक आग विझवण्याचे धोरण राहिले. परिणामी नवी रोपे रुजेनात आणि वाळलेल्या लाकडाचा व दाट झाडोऱ्याचा साठा वाढत गेला. म्हणूनच १९६० च्या दशकापासून तेथे ठरवून, हवामान पाहून, मर्यादित आग लावली जाते. मात्र २०२० आणि २०२१ सालच्या वणव्यांत, दुष्काळाने सुकलेल्या त्या साठ्यामुळे ज्वाला थेट शेंड्यांपर्यंत गेल्या आणि सिएरा नेवाडा या तेथील पर्वतरांगेतील मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के वृक्ष मेल्याचा अंदाज आहे. त्या वेळी शर्मनच्या बुंध्याला अग्निरोधक चमकता पत्रा गुंडाळावा लागला होता. तेव्हा काळवंडलेले खोड दिसले, तर आधी वर पाहावे : शेंडा हिरवा असेल, तर तो जखम सोसून जगलेला वृक्ष आहे, शेंड्यापर्यंत सारे काळे असेल, तर तो त्या दोन वर्षांतला बळी असण्याची शक्यता अधिक.

यावरून सह्याद्रीतील वणव्यांचे समर्थन मात्र होत नाही. आपल्याकडील वणवे बहुतांशी माणसांनीच, चांगले गवत उगवेल या समजुतीने किंवा निष्काळजीपणाने लावलेले असतात, आणि सदाहरित राईतील वृक्षांना सिकोयासारखी साल नाही. आपले वनखाते उन्हाळ्याआधी ‘जाळरेषा’ काढते, तीही ठरवून लावलेली आगच असते. पण तिचा हेतू आग जंगलात शिरू नये हा असतो, बी रुजावे हा नव्हे.