वेबसाइट बनवणारा गेल्यावर काय?

प्रश्न : आमचं सार्वजनिक वाचनालय अमळनेर तालुक्यातलं. कार्यकारिणीने वेबसाइट करायचं ठरवलंय. पुतण्या म्हणतो, साइट बनवायचं वर्डप्रेस नावाचं सॉफ्टवेअर घ्या. एका सभासदाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, त्याच कामाचं ड्रूपल घ्या. शहरातले एक व्यावसायिक म्हणतात, आमची स्वतःची सिस्टीम आहे, तीच बसवतो, वर्षाला ठरावीक रक्कम द्या. साइटवर पुस्तकांची यादी, कार्यक्रमांच्या बातम्या, आमचे जुने दिवाळी अंक आणि गावातल्या बायांकडून रेकॉर्ड करून घेतलेली आखाजी नि कानबाई या आमच्या खानदेशी सणांची अहिराणी गाणी टाकायची आहेत. रोजचं काम आमच्या ग्रंथपालताई बघतील. त्यांना मोबाइलवर मराठी छान टाइप करता येतं, बाकी कॉम्प्युटरचा फारसा सराव नाही. ताई, काय घ्यावं? – सचिव (सगळे मला अण्णाच म्हणतात)

उत्तर : अण्णा, तिघांनी तीन नावं सांगितली, पण साइट उभी राहिल्यावर दर महिन्याला तिच्यात मजकूर कोण भरणार, हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र ते पत्रातच सांगितलंत, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. ग्रंथपालताईंना जे हाताळता येईल तेच तुमचं सॉफ्टवेअर, आणि आजच्या घडीला ते वर्डप्रेस आहे.

२००३ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून जास्त साइटींच्या मागे आहे. तुमच्या दृष्टीने त्याचा उपयोग एवढाच, की पुतण्या उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तरी अमळनेर, चोपडा, धुळे, कुठेही वर्डप्रेस येणारं दुसरं पोरगं सापडेल. शिवाय आतल्या पडद्यावरची भाषा प्रत्येकाला आपापली निवडता येते. ताईंच्या खात्यात मराठी दिसेल, पुतण्याला हवं तर इंग्रजी. ताईंना 'संपादक' म्हणून खातं द्या. बातमी लिहिणं, फोटो चढवणं, प्रसिद्ध करणं हे सगळं त्या करू शकतील, पण थीम (साइटचं रूप) किंवा प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) यांना चुकून धक्का लागणार नाही. 'प्रशासक' खाती दोनच ठेवा. त्यातलं एक वाचनालयाच्या ईमेलवर असू द्या, कोणा एकाच्या खासगी ईमेलवर नको.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचं म्हणणं वाया घालवू नका, ड्रूपल खरंच ताकदीचं आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारखा जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह तुमच्याकडे असता, प्रत्येक कागदाला तारीख, गाव, लिपी, दान देणारा, विषय अशा वेगवेगळ्या चौकटी लागल्या असत्या आणि त्यांवरून शोध घ्यायचा असता, तर मीही ड्रूपलच सुचवलं असतं. २०१५ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून अनेक भाषांची सोयही त्याच्या गाभ्यातच आहे. पण ते सांभाळायला जाणकार माणूस कायम लागतो. ड्रूपलच्या सातव्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. सातवरून पुढच्या आवृत्तीवर जायचं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने बांधणं. तो मुलगा तेव्हा कुठे असेल?

राहिले ते स्वतःची सिस्टीम देणारे. मी साफ सांगते, घेऊ नका. इथे ओपन सोर्सचा, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असण्याचा, मुद्दा तत्त्वाचा नाही, व्यवहाराचा आहे. वर्डप्रेस, ड्रूपल आणि त्यांच्यासारखंच तिसरं जुमला, ही तिन्ही जीपीएल परवान्याखाली येतात, म्हणजे कोणीही वापरावीत, बदलावीत, दुसरीकडे हलवावीत. खासगी सिस्टीममध्ये तुमचा सगळा मजकूर त्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. आमच्याच भागातल्या एका पतसंस्थेची साइट अशीच बंद पडली. बनवणाऱ्याने फोन उचलणं सोडलं, आणि डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, नोंदही त्यानेच स्वतःच्या नावावर केलेली निघाली. संस्थेच्या ठेवीदारांना वर्षानुवर्षं पाठ असलेला पत्ता कायमचा गेला, मॅनेजरसाहेबांनी किती खेटे घातले तरी परत मिळाला नाही. म्हणून अण्णा, कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेन वाचनालयाच्या नावाने नोंदवा, बिल वाचनालयाच्या खात्यातून भरा आणि होस्टिंगचा (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेचा) पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीसोबत पाकिटात सीलबंद ठेवा. कार्यकारिणी बदलली की ते पाकीट नव्या सचिवांच्या हाती जायला हवं.

'वर्डप्रेस' नावाने दोन गोष्टी मिळतात, तेही बघून घ्या. एक म्हणजे ते सॉफ्टवेअर, उतरवून कुठल्याही होस्टिंगवर बसवायचं. दुसरी म्हणजे एका कंपनीची त्याच नावाची सेवा, जिथे साइट त्यांच्याच सर्व्हरवर असते आणि स्वस्त योजनांमध्ये बंधनं जास्त असतात. तुम्हाला पहिलं हवंय.

आता दिवाळी अंक. खरं कष्टाचं काम इथे आहे. जुने अंक प्रेसमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लावलेले असणार. तो मजकूर तसाच उचलून साइटवर चिकटवला तर पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतील, आणि अंकांचं पीडीएफ टाकलं तर कवितेची एक ओळ शोधूनही गुगलला सापडणार नाही. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या. बदलणारी साधनं मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी यांची वाट लागते. त्यामुळे एका जाणत्या वाचकाने मूळ अंक शेजारी ठेवून प्रत्येक पान वाचलंच पाहिजे. सगळे अंक एकदम काढू नका. एखादा गाजलेला अंक घ्या, तो निर्दोष करा, मग पुढचा.

ताईंना पहिल्याच दिवशी शिकवायची एक गोष्ट आहे, कारण ती कोणी सांगत नाही. लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच लेखाचा दुवा बनवतो. दुव्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी टक्क्याच्या चिन्हासकट नऊ-नऊ खुणांची होते, आणि दुव्याच्या या भागाला मर्यादा आहे २०० खुणांची. समजा शीर्षक आहे 'आखाजीची गाणी आणि माहेरवाशिणींचे झोके'. दुवा होतो 'आखाजीची-गाणी-आणि-माहेरवा', पुढचं सगळं कापलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना त्याची टक्क्यांनी भरलेली लांबलचक माळ होते, ती पाहून लोकांना वाटतं काहीतरी फसवणुकीचं आहे, आणि कोणी उघडत नाही. शीर्षक मराठीतच ठेवा, पण प्रसिद्ध करण्याआधी दुव्याच्या चौकटीत रोमन लिपीत 'akhaji-gani' एवढंच लिहा. पुढे दुवा बदलत बसण्यापेक्षा हे सुरुवातीलाच केलेलं बरं.

गाण्यांचे ऑडिओ स्वस्त होस्टिंगवर चढवू नका, जागा आणि वेग दोन्ही कमी पडतील. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था असा ठेवा मोफत ठेवून घेते. तिथे चढवा आणि आपल्या पानावर फक्त तो वाजवायचा पट्टा लावा. शेजारी गाण्याचे अहिराणी बोल पूर्ण लिहा, कारण शोध लागतो तो लिहिलेल्या शब्दाचा. आणि अण्णा, ज्या आयाबायांनी गाणी म्हटली त्यांना विचारलं आहे ना? गाणं जगभर ऐकू जाणार, नाव द्यायचं की नाही, कोणतं गाव लिहायचं, हे त्यांच्याकडूनच कळलं पाहिजे. अहिराणीत लिहिलेलं इंटरनेटवर किती थोडं आहे ते शोधून पाहा, म्हणजे तुमच्या या कामाचं मोल ध्यानात येईल. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे मात्र सोडू नका.

पुस्तकांची यादी वर्डप्रेसमध्ये कोंबू नका. देवघेव, सभासद, परत आलेली पुस्तकं यासाठी कोहा नावाची वेगळी ओपन सोर्स प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयात ती २००० साली सुरू झाली आणि आपल्याकडेही बरीच ग्रंथालयं ती वापरतात. तिला स्वतंत्र सर्व्हर लागतो. तूर्त एक्सेलमधली यादी साध्या तक्त्यात दिलीत तरी वाचकांचं भागेल.

प्रश्न : शहाद्याजवळच्या आमच्या शाळेची साइट जुमला ३ वर आहे. सगळे म्हणतात जुमला संपलं, वर्डप्रेसवर या. सर्व पानं पुन्हा करावी लागतील का? – एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, जुमला संपलेलं नाही, तुमची आवृत्ती संपली आहे. जुमला ३ ची दुरुस्ती ऑगस्ट २०२३ मध्ये थांबली, त्यामुळे तशीच ठेवणं धोक्याचं. चौथ्या आवृत्तीवर मजकूर जातो, पण जुनं टेम्प्लेट (पानांची मांडणी) आणि काही जोडण्या जात नाहीत, त्या नव्या घ्याव्या लागतात. चारवरून पाचवर जाणं मात्र सोपं आहे. पालकांना एक भाग दिसावा आणि शिक्षकांना दुसरा, किंवा मराठी-इंग्रजी दोन्ही पानं असावीत, याची सोय जुमलात मुळातच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगइन शोधावे लागतात. शाळेत जुमला जाणणारं कोणी असेल तर तिथेच राहा. नसेल आणि पानं थोडीच असतील, तर वर्डप्रेसवर हाताने हलवा. दोन्ही वेळी आधी डेटाबेस (मजकूर साठवलेला असतो तो) आणि फोटोंचा फोल्डर, दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. एकावर भागत नाही, फोटो डेटाबेसमध्ये नसतात.

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी टिश्यूकल्चर केळी रोपांची नर्सरी आहे. ओपन सोर्स फुकट असतं म्हणतात, मग साइट करणारा मुलगा पैसे कशाचे मागतो? दुसरा एक जण महागडी थीम फुकटात टाकून देतो म्हणतो.

उत्तर : दादा, सॉफ्टवेअर फुकट आहे, त्या मुलाचे दिवस फुकट नाहीत. मांडणी, मजकूर, फोनवर नीट दिसणं आणि नंतर वेळच्या वेळी अपडेट, यासाठी तो पैसे मागतोय, आणि ते रास्त आहे. फुकटात मिळणारी महागडी थीम बहुधा चोरीची असते. तिच्यात लपवलेला कोड निघतो, मग एके दिवशी नर्सरीच्या नावाने गुगलवर शोधलं की जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात. तुम्हाला ती लागतही नाही. रोपांचे वाण, बुकिंगचा फोन, मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांसाठी रोपं कधी मिळतील त्याच्या तारखा, नर्सरीचा नकाशा, एवढ्यासाठी वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातली साधी मोफत थीम पुरेशी आहे. भाव साइटवर लिहिणार असाल तर शेजारी तारीख टाका आणि बदलला की त्याच दिवशी बदला, नाहीतर लिहूच नका. फोटो स्वतःच्या शेडनेटमधल्या रोपांचे घ्या, सकाळच्या उजेडात.